बॅनॉक खोपीच्या वहीतलं पान

मी, कॉलम पॅट्रिक हेगर्टी, वय त्र्याहत्तर, धंदा सुतारकाम (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार टावेरी गाव, वेस्ट कोस्ट, न्यूझीलंड, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं ठिकाणावर नाहीत, आणि ती हा हिवाळा काढतील असं डॉक्टरीणबाईंना वाटत नाही. हा कागद लिहिताना मला कोणी धमकावलेलं नाही, पाजलेलं नाही, फूस लावलेली नाही. उलट माझ्या वकीलबाई, मिसेस लाव्हेरी, यांनी कलम पाच गाळा म्हणून मला दोनदा बजावलं. मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, लिहू द्या, फी तुम्हाला तेवढीच मिळणार आहे.

कलम १. याआधी मी २०११ साली एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात सगळं माझी बायको आयरिस हिच्या नावे होतं. आयरिस माझ्या आधी गेली, म्हणून तो कागद रद्द समजावा. आम्हाला मूलबाळ नाही. या कागदाची अंमलबजावणी माझी भाची ऊना, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, राहणार नेल्सन, हिने करावी. ऊना, हे वाचताना तू रागावशील. रागाव, पण पाचव्या कलमापर्यंत थांब, नाहीतर राग चुकीच्या गोष्टीवर खर्च होईल.

कलम २. मला पुरावं, जाळू नये. आयरिसच्या शेजारची जागा घेतलेली आहे. पाद्रीबाबांनी नेहमीच्या प्रार्थना म्हणाव्यात, पण उभं राहून माझ्याविषयी चार बरे शब्द बोलू नयेत, आणि दुसऱ्या कोणालाही बोलू देऊ नये. गावातल्या प्रत्येक मयताला आपण ‘भला माणूस होता’ म्हणतो. माझ्या वेळी हे वाक्य कोणी उच्चारलं तर ऊनाने खोकावं.

कलम ३. वर्कशॉपमधली सगळी हत्यारं ऊनाला. ती बोटी बांधते आणि माझ्यापेक्षा बरा रंधा मारते, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. पटाश्यांना धार लावूनच ठेवली आहे. मोठा शिकंजा शेजारी ट्रेव्हर क्लोज याच्याकडे अकरा वर्षं पडून आहे, तो त्याच्याकडून आणावा. त्याने तो आपलाच आहे असं सांगितलं तर त्याच्या खालच्या बाजूला माझ्या बापाचं नाव कोरलेलं आहे ते दाखवावं. ट्रेव्हरला मी काही ठेवत नाही. त्याने कुंपणाची झुडपं कापली त्या वर्षापासून मी त्याला सकाळी रामराम करत नाही, आणि त्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

कलम ४. नदीमुखाजवळचं मचाण, म्हणजे नदीत खांब रोवून बांधलेली ती फळी, आणि तिथली सगळी जाळी ऊनाला. सरकारी परवाना तिच्या नावे होईल की नाही ते मिसेस लाव्हेरी बघतील. टावेरीत राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण नेल्सनवाले विसरतात, म्हणून लिहितो: एक सप्टेंबरला पांढऱ्या मासोळीचा हंगाम उघडतो, त्या पहाटे मचाणावर माणूस पाहिजे. मचाण रिकामं दिसलं की त्या घराची वर्षभर टवाळी होते. ‘यंदा हेगर्टी झोपले काय?’ असं दुकानात, चर्चमध्ये, दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा ऐकावं लागतं. माझ्या बापाचं मचाण त्रेचाळीस वर्षांत एकदाही रिकामं राहिलं नव्हतं. बाप १९७८ च्या मे महिन्यात गेला. त्या सप्टेंबरला पहिल्यांदाच मी एकटा तिथे बसणार होतो. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

इथून पुढे पाचवं कलम सुरू होतं. मिसेस लाव्हेरी, चष्मा काढलात तरी चालेल.

कलम ५. टावेरी नदीच्या वरच्या अंगाला, एका दिवसाच्या चालीवर, बॅनॉक खोपी आहे. पत्र्याचं छप्पर, चार फळ्यांची बाकडी, एक चूल, एक लाकूडपेटी आणि खिळ्याला टांगलेली वही. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला खोपीचा रिवाज ठाऊक असतो. आत आलास तर आधीच्याने भरून ठेवलेलं कोरडं लाकूड जाळायचं. निघताना पुढच्यासाठी तेवढंच फोडून पेटी भरायची, झाडायचं, वहीत नाव, तारीख, कुठून आलो, कुठे चाललो ते लिहायचं, आणि शेवटी ‘पेटी भरली’ असं लिहून दार ओढून घ्यायचं. पुढचा कोण येणार ते कोणालाच माहीत नसतं. आधीचा कोण होता तेही फक्त वहीतल्या नावापुरतं. तरी ती पेटी कधी रिकामी नसे. आमच्याकडे कोणी दाराला कुलूप लावत नाही, चर्चला जातो न जातो, पण पेटी भरतो.

त्याच वर्षी, १९७८ च्या ऑगस्टच्या शेवटी मी हरणामागे एकटाच वर गेलो आणि पावसात अडकलो. तीन दिवस नदी उतरायला तयार नव्हती. पेटी काठोकाठ भरलेली होती. राता झाडाचं जड लाकूड, बारीक फोडलेलं, खाली सालपटं वेगळी रचलेली. माझ्या आधी आमच्याच गावातला रेवी पातेरे येऊन गेला होता, वहीत त्याच्या हातचं लिहिलेलं होतं: बावीस ऑगस्ट, पेटी भरली. तीन दिवस मी रेवीच्या लाकडावर शेकलो, कपडे वाळवले, हरणाची तंगडी भाजून खाल्ली. सुखात होतो अगदी.

एकतीस तारखेच्या सकाळी ऊन पडलं आणि नदी उतरली. मला दुसऱ्या दिवशी पहाटे मचाणावर असायलाच हवं होतं. वहीचं जुनं पान भरलं होतं, म्हणून नवीन पान उलटलं, नाव लिहिलं, आणि सवयीने खाली ‘पेटी भरली’ असंही लिहिलं. आधी लिहायचं, मग कुऱ्हाड घ्यायची, अशी माझी पद्धत होती. त्या दिवशी कुऱ्हाड हातात घेतली आणि परत ठेवली. बाहेरचं सगळं लाकूड भिजलेलं होतं, कोरडं शोधून फोडायला दोन तास तरी लागले असते. मनात म्हटलं, या दिवसांत कोण मरायला येतंय इथे. नेमके हेच शब्द. हंगाम लागला की गाव झाडून सगळं नदीमुखाशी असतं, डोंगरात कुत्रं फिरकत नाही. आठवड्याने येऊन भरून टाकू. पेटीत शब्दशः एक काटकी नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि उतारावर धावत सुटलो.

एक सप्टेंबरला मचाणावर मीच पहिला. मासोळी अशी लागली की जाळं उचलताना खांदे भरून आले. संध्याकाळी आईने अंड्यात कालवून धिरडी केली, शेजाऱ्यांना वाटली. ‘बापाच्या वरताण निघालास,’ असं चार जणांनी म्हटलं. मी फुशारलो.

दोन तारखेला वारा फिरला आणि डोंगरात गारठा पडला. त्या संध्याकाळी डनीडनच्या दोन बहिणी, रूथ आणि मार्गो अ‍ॅशकॉम्ब, खोपीपर्यंत पोचल्या. मासोळीचा हंगाम म्हणजे काय हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. नदी ओलांडताना दोघी पडल्या होत्या, अंगावर सुकी चिंधी नव्हती. बिछाने भिजलेले, मेणबत्ती नाही, काड्यापेटीत सात काड्या. रिवाजावर भरवसा ठेवून त्यांनी लाकूडपेटीचं झाकण उघडलं. मार्गोने अंधारात वहीची मागची चार कोरी पानं फाडून पेटवली, त्यावर ओल्या काटक्या धरल्या. धूर झाला, विस्तव झाला नाही. रूथ चोवीस वर्षांची होती. सकाळी ती उठली नाही.

मार्गो एकटी खाली चालत आली. ती ज्या माणसांपर्यंत पहिल्यांदा पोचली ती आम्ही मासोळीवाले, आणि आमच्यात सगळ्यात वरचं मचाण हेगर्टींचं. माझ्यासमोर ती वाळूत बसली. मी तिला माझा पावसाळी तेलकोट पांघरला, थर्मासमधला चहा पाजला. कप तिच्या हातात ठरत नव्हता म्हणून मी तो तिच्या तोंडाशी धरला. ती म्हणाली, “पेटी रिकामी होती.” पुढे तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

रूथला आणायला आम्ही चौघे गेलो, हवालदार धरून. मी वयाने लहान आणि पायाने चपळ, म्हणून इतरांच्या आधी दहा मिनिटं पोचलो. ती बाकड्यावर निजली होती, आणि कोणाच्या घरी पाहुणी आल्यासारखे तिने बूट जोडीने दाराशी ठेवले होते. मी तिच्यावर पांघरूण घालायला हवं होतं. ते मी नंतर केलं. आधी मी खिळ्यावरची वही काढली, माझं पान फाडलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातलं. मार्गोने चार पानं फाडलेली होतीच, पाचव्याचा कोणाला संशय आला नाही.

घरी आल्यावर आईने शर्ट धुवायला घेतला. खिशातलं पान तिने वाचलं, टेबलावर ठेवलं, त्याच्यावर मीठदाणी ठेवली आणि माझ्यापुढे जेवण वाढलं. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली, पण त्या पानाविषयी एक अक्षर बोलली नाही. माझा मुका घ्यायचं मात्र तिने त्या दिवसापासून सोडलं.

आता वहीत शेवटचं नाव रेवी पातेरेचं उरलं. बावीस ऑगस्ट, पेटी भरली. चौकशीत त्याने सांगितलं, “पेटी मी काठोकाठ भरली होती, माझ्यानंतर कोणीतरी येऊन गेलं.” वहीत कोणी नव्हतं. कायद्याने त्याला काही झालं नाही, पेटी न भरण्याला शिक्षा नाही. शिक्षा गावाने केली. बचावपथकाच्या यादीतून त्याचं नाव गेलं. त्याच्याबरोबर शिकारीला कोणी जाईना. पबमध्ये तो आला की त्याच्या शेजारचं स्टूल मोकळं राहायचं. ‘माओरीच तो, त्याला काय पडलंय,’ हे वाक्य मी माझ्या कानांनी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं, आणि तिन्ही वेळा ग्लासात बघत बसलो. त्याची बायको मेरे शनिवारच्या बाजारात केक विकायची. माझी आयरिस, जिने आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही, ती त्या टेबलाला वळसा घालून जायची. ‘त्या घरातलं माझ्या घशाखाली उतरत नाही,’ म्हणायची. आणि मी, ज्याला खरं ठाऊक होतं, तिच्या मागून पिशवी धरून चालायचो.

रेवी दर मार्चमध्ये, हिवाळ्याआधी, पाठीवर लाकूड घेऊन बॅनॉक खोपीला जायचा. बघा, मन खातंय त्याला, असं लोक म्हणायचे. एकदा पुलावर आमची गाठ पडली तेव्हा मी विचारलं, तू अजून का जातोस? तो म्हणाला, “पेटी रिकामी असली तर कोणीतरी भरायलाच हवी ना.” मी मान डोलावली. त्याला ओझं उतरवून द्यायला हात लावला, आणि त्याने माझे आभार मानले.

लाज वाटते. हे दोन शब्द लिहायला मला सेहेचाळीस वर्षं लागली. लिहून काही हलकं वाटत नाही.

कलम ६. घडी केलेलं ते मूळ पान, आणि त्याबरोबर मार्गो अ‍ॅशकॉम्ब हिने सही केलेली तिच्या कादंबरीची माझी प्रत, दोन्ही तिला डनीडनच्या पत्त्यावर हातोहात पोचवावं. टपालाने पाठवू नये.

मार्गो पुढे लेखिका झाली. खोपीची ती वही तिने पोलिसांकडून मिळवली आणि चौदा वर्षांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. प्रत्येक प्रकरण म्हणजे वहीतलं एक नाव. एक नर्स छपराला ठिगळ लावून जाते, त्या ठिगळाखाली दोन वर्षांनी एक पळालेलं जोडपं कोरडं झोपतं. एक म्हातारा चहाचा डबा विसरतो, तो एका उपाशी विद्यार्थ्याला सापडतो. यांतलं कोणी कोणाला भेटत नाही, नावानेसुद्धा ओळखत नाही, आणि तरी एकाच्या हातचं दुसऱ्याच्या जिवावर बेततं किंवा त्याचा जीव वाचवतं. शेवटचं प्रकरण एका शिकाऱ्याचं. बायकोशी भांडून आलेला, घाईत असलेला, पेटी भरली असं खोटं लिहून निघून जाणारा. तिने नाव बदललं होतं, पण आमच्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही कळलं. घाई तिने बरोबर ओळखली होती. माणूस चुकला होता.

कादंबरी वाचून दाखवायला ती टावेरीच्या हॉलमध्ये आली. वाचनाचं टेबल मी केलं होतं. हॉल भरलेला, बायकांनी स्कोनचे छोटे पाव भाजून आणलेले. शेवटचं प्रकरण संपलं तेव्हा भिंतीपाशी रेवी उभा राहिला. हातात टोपी. म्हणाला, “मी पेटी भरली होती, बाई.”

मार्गोचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, “पुस्तकातला माणूस तुम्ही नाही, मिस्टर पातेरे. तो मी कल्पनेतून काढलाय.”

“मग गावाला सांगा,” रेवी म्हणाला. “गावाने तो ओळखलाय.”

कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला बाहेर जायला सांगितलं, आणि तो गेला. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या तोंडात स्कोन होता, तो मी चावून गिळला. मग रांगेत उभं राहून पुस्तकावर सही घेतली. मार्गोने मला ओळखलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लिहिलं: ‘कॉलमला, ज्याने मला पहिला गरम घोट पाजला.’ ते पुस्तक मी आजवर दुसऱ्यांदा उघडलेलं नाही.

कलम ७. माझं राहतं घर, वर्कशॉप आणि मागची पाऊण एकर जागा रेवी पातेरे याला, त्याच्या पश्चात त्याच्या मुलांना. ऊनाने यावर हरकत घेऊ नये. याने भरपाई होते असं मला वाटत नाही. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे.

कलम ८. वरच्या कलमांत न आलेलं, किंवा काही कारणाने कोणाला न पोचणारं, सगळं ऊनाला.

सही करण्यापूर्वीची जोड, त्याच दिवशी दुपारी, रेवी पातेरेच्या स्वयंपाकघरात लिहिलेली:

आज सकाळी मी सही करायला मिसेस लाव्हेरींच्या ऑफिसात गेलो. त्यांनी पुन्हा पाचव्या कलमावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता कायदा सांगतील. त्यांनी विचारलं, “रेवी पातेरे जिवंत आहे ना?”

म्हटलं, आहे, ऐंशीचा आहे, खणखणीत आहे.

“मग हे तुम्ही मेल्यावर का सांगताय? परत पान खिशात घालताय तुम्ही, मिस्टर हेगर्टी.”

मी म्हटलं, बाई, मला एकट्याला त्याच्या दारापर्यंत जायचा धीर नाही. त्यांनी कोट घातला, गाडी काढली.

रेवीने चष्मा शोधला आणि सगळे कागद पहिल्यापासून वाचले, ट्रेव्हरच्या शिकंज्यासकट. मेरे चार वर्षांपूर्वी गेली, तिची खुर्ची त्याने मला दिली नाही, मी उभाच राहिलो. पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. मग विचारलं, “लाकूड चांगलं पेटलं होतं?”

मी म्हटलं, हो. खूप चांगलं.

“पेटणारच. तीन दिवस फोडत होतो.” त्याने कागद जुळवून ठेवले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला. “ते नको. मेरे असती तर तिच्याजवळ मागितली असतीस. मला काय ते लागत नाही.” मग मिसेस लाव्हेरींकडे वळून त्याने विचारलं की साक्षीदार कोण कोण आहेत.

त्या म्हणाल्या, एक मी, दुसरा अजून ठरायचा आहे.

“पेन द्या.”

बाईंनी त्याला नीट समजावलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा हक्क जातो. घर, वर्कशॉप, जागा, सगळं जाईल. आठवं कलम लागू होईल आणि ते भाचीला मिळेल. मुलांचा तरी विचार करा, असंही म्हणाल्या. मीही म्हटलं, रेवी, असं करू नकोस, माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नाही.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “घर आहे मला. पोरांनाही आहेत. घर घेतलं तर गाव म्हणेल, म्हाताऱ्याने मरणाऱ्याकडून घरासाठी हे सगळं लिहून घेतलं. सेहेचाळीस वर्षं माझ्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नव्हतं, कॉलम. ती साक्षीदाराची जागा मी तुझ्या पाऊण एकरासाठी सोडणार नाही.”

मग त्याने सांगितलं की उद्या शनिवार आहे, सकाळी दहाला बाजारासाठी सगळं गाव हॉलपाशी असेल. पाचवं कलम मी तिथे उभ्याने वाचायचं, स्वतःच्या तोंडाने, दम लागला तर थांबून थांबून. मार्गोलाही आज रात्रीच्या आत फोन करायचा. मी त्याला हो म्हटलं आहे. हे हो मी या कागदावर लिहून देतो, म्हणजे उद्या सकाळपर्यंत मला पळायला वाट राहणार नाही. भीती वाटते आहे, तीही लिहितो.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. सातवं कलम वर सांगितलेल्या कारणाने निकामी होत आहे, याची मला पूर्ण समज आहे.

स्थळ: टावेरी. दिनांक: १४ जून २०२४.

मृत्युपत्र करणार: कॉलम पॅट्रिक हेगर्टी (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना त्याने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार: हेलन लाव्हेरी, वकील, टावेरी (सही)

साक्षीदार: रेवी पातेरे, निवृत्त रस्ता-कामगार, टावेरी (सही). सगळं वाचलं. माणूस शुद्धीवर आहे. पेटी मी भरली होती.